डिस्क भरली, मेमरी संपली, कनेक्शन उरलं नाही: अशा वेळी प्रोग्रामने काय करावं?

पहाटे साडेपाचची वेळ. दूध संकलन केंद्रावर किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी होती. पहिल्याचं दूध काट्यावर ठेवलं, वजन आलं, फॅट आला, सचिवांनी सभासद क्रमांक टाकला आणि पडद्यावर उमटलं, 'सभासद सापडला नाही'. दुसरा क्रमांक टाकला, तेच. तिसरा टाकला, तेच. मला फोन आला, "सर, यादीत एकबी नाव दिसंना झालंय."

तो प्रोग्राम मी लिहिला होता. काट्याकडून येणारा प्रत्येक आकडा लॉगमध्ये लिहिण्याची तपासणीपुरती केलेली सोय चालू राहून गेली होती. सात महिन्यांत त्या लॉगने छोट्या लिनक्स मशीनची डिस्क भरून टाकली. आदल्या संध्याकाळी संकलन संपल्यावर प्रोग्रामने नेहमीप्रमाणे सभासदांची फाइल नव्याने लिहायला उघडली. उघडताक्षणी जुना मजकूर पुसला गेला, नवा लिहायला जागा नव्हती. त्रुटी आली होती, पण ती पकडून गप्प बसवणारी ओळही मीच लिहिली होती, त्यामुळे पडद्यावर 'सेव्ह झाले' असंच आलं. बॅकअप त्याच डिस्कवर होता. तोही शून्य बाइटचा.

पावत्यांची बुकं समोर ठेवून आम्ही दोन दिवस नावं आणि बाकी परत भरली. कुणाचं दूध किती होतं हे त्या कागदांमुळेच कळलं. तेव्हापासून तुटवड्याच्या त्रुटी हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. डिस्क भरणारच, मेमरी कधीतरी संपणारच. त्या क्षणी प्रोग्राम हातातलं धरून ठेवतो की सांडून टाकतो, हे मात्र आपण आधी ठरवू शकतो. ते कसं ठरवायचं, हे पुढे पायरीपायरीने सांगतो. उदाहरणं लिनक्सची आहेत, कारण बहुतेक सर्व्हर त्यावर चालतात. कमांड मी बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

पायरी १: संदेश शब्दशः वाचा

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एखादी गोष्ट नाकारतो तेव्हा कारणाचा क्रमांक देतो. लिनक्सवर २८ म्हणजे 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. १२२ म्हणजे डिस्कवर जागा असेल, पण तुमच्या खात्याचा कोटा संपला. २४ म्हणजे 'टू मेनी ओपन फाइल्स', ही तुमच्या एका प्रोसेसची, म्हणजे एका चालू प्रोग्रामची, मर्यादा. २३ मध्ये तेच शब्द येतात पण शेवटी 'इन सिस्टीम' जोडलेलं असतं, म्हणजे सगळ्या मशीनची मर्यादा गाठली. १२ म्हणजे मेमरी देता येत नाही. ९९ म्हणजे 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस'. बाहेर कनेक्शन जोडताना हा आला तर बहुतेक वेळा तात्पुरते पोर्ट, म्हणजे कनेक्शनला दिले जाणारे क्रमांक, संपलेले असतात.

११ जरा फसवा आहे. 'रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल' हा संदेश सॉकेट (नेटवर्क कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) वाचताना आला तर त्यात काही बिघडलेलं नसतं, आत्ता डेटा आलेला नाही एवढंच. तोच संदेश नवी प्रोसेस किंवा थ्रेड (प्रोसेसच्या आत समांतर चालणारं काम) सुरू करताना आला तर प्रोसेसांची मर्यादा गाठलेली असते. तेव्हा क्रमांकाबरोबर तो कुठल्या कामात आला हेही नोंदवलं पाहिजे.

पंगतीत शेवटी बसलेल्याला आमटी मिळत नाही, म्हणून ओरड त्याची ऐकू येते. पातेलं आधीच्यांनी संपवलेलं असतं. तुटवड्याची त्रुटीही अशीच असते. ज्या ओळीवर प्रोग्राम पडला ती ओळ क्वचितच दोषी असते. तिने शेवटी मागितलं, एवढंच. म्हणून स्टॅक ट्रेसमधल्या (प्रोग्राम कुठून कुठे जाऊन पडला त्या यादीतल्या) त्या ओळीला दुरुस्त करत बसण्याआधी कुणी खाल्लं ते शोधा.

आणि हे शोधता यावं म्हणून प्रोग्रामने नोंद नीट करायला हवी. 'सेव्ह करता आलं नाही' या नोंदीचा रात्री दोन वाजता काही उपयोग नाही. 'सभासद फाइल लिहिताना डिस्क भरली, त्रुटी २८, लिहायचे होते ४० केबी, लिहिले गेले १२ केबी' या नोंदीचा आहे. फाइल डिस्क्रिप्टर (प्रत्येक उघड्या फाइलीला किंवा सॉकेटला मिळणारे क्रमांक) संपले तर किती उघडे आहेत आणि मर्यादा किती हे दोन्ही आकडे लिहा. डिस्क भरली आहे हे त्याच डिस्कवरच्या लॉगमध्ये लिहिता येत नाही, म्हणून अशी नोंद दुसऱ्या मशीनकडे किंवा निदान पडद्यावर जायला हवी.

पायरी २: डिस्क कुणी खाल्ली?

पहिली कमांड 'डीएफ -एच'. कुठलं पार्टिशन किती भरलं ते दिसतं. मग त्या पार्टिशनवर 'डीयू -एक्सएच' चालवून मोठे फोल्डर शोधायचे. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढच्या चार गोष्टींत माणसं अडकतात.

एक, जागा दिसते तरी २८ येतो. 'डीएफ -आय' चालवून बघा. प्रत्येक फाइलला एक आयनोड, म्हणजे तिची माहिती ठेवणारी नोंद, लागतो, आणि लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टीममध्ये आयनोडांची संख्या फाइल सिस्टीम बनवतानाच ठरते. सेशनच्या किंवा कॅशच्या लाखो चिमुकल्या फाइल साठल्या की गिगाबाइटच्या गिगाबाइट मोकळे असूनही एक नवी फाइल बनत नाही.

दोन, मोठी लॉग फाइल डिलीट केली तरी जागा परत येत नाही. लिनक्समध्ये नाव काढलं तरी ती फाइल एखाद्या प्रोसेसने उघडी ठेवली असेल तोवर तिची जागा मोकळी होत नाही. 'एलएसओएफ +एल१' अशा नाव गेलेल्या पण उघड्या फाइल दाखवते. त्या प्रोसेसला लॉग पुन्हा उघडायला सांगा किंवा ती रीस्टार्ट करा. चालू लॉग डिलीट करण्याऐवजी 'ट्रंकेट' कमांडने रिकामा करणं बरं, जागा लगेच सुटते.

तीन, साध्या युजरला जागा नाही पण रूटला, म्हणजे मशीनच्या मुख्य युजरला, आहे. ईएक्सटी४ बनवताना ५ टक्के जागा रूटसाठी राखलेली असते. हे चांगलंच आहे, कारण डिस्क भरल्यावर लॉगिन करून साफसफाई करायला तुम्हाला तीच जागा उपयोगी पडते. फक्त मोजताना ती धरू नका.

चार, डिस्क रिकामी, आयनोड शिल्लक, तरीही २८. तुम्ही एडिटर किंवा फाइलींवर लक्ष ठेवणारं एखादं टूल चालवत असाल तर हा डिस्कचा प्रश्नच नाही. आयनोटिफाय या सोयीतून किती फाइलींवर पहारा ठेवता येईल याला युजरमागे मर्यादा आहे, आणि ती गाठली की कर्नल हाच क्रमांक देतो. जुन्या कर्नलमध्ये ही मर्यादा ८१९२ होती. नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) वापरणाऱ्या कित्येकांनी यापायी विनाकारण डिस्क साफ केली आहे.

एक सूचना जीव तोडून करतो. पोस्टग्रेस या डेटाबेसची डिस्क भरली की ज्या फोल्डरच्या नावात 'वॉल' (प्रत्येक बदल आधी लिहून ठेवणारी नोंद) आहे तो फुगलेला दिसतो, आणि तो लॉगचा कचरा आहे असं समजून काढून टाकावासा वाटतो. तिथल्या फाइलींना हात लावू नका. डेटाबेस पुन्हा उभा राहतो तो त्यांच्याच आधारावर. आधी दुसरं काही हलवून जागा करा, मग त्या का साठल्या ते शोधा. बरेचदा एखादा बंद पडलेला रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या मशीनवरच्या प्रतीसाठी या फाइली राखून ठेवणारी सोय) किंवा अडलेलं आर्काइव्हिंग सापडतं.

अशा वेळी हातात काहीतरी असावं म्हणून मी प्रत्येक सर्व्हरवर १ जीबीची एक निरर्थक फाइल आधीच बनवून ठेवतो. 'एफअ‍ॅलोकेट' कमांडने ती क्षणात बनते. डिस्क भरली की ती काढायची, श्वास घ्यायला जागा मिळते आणि शांतपणे शोध घेता येतो.

पायरी ३: फाइल अशी लिहा की जुनी कधीच जाणार नाही

दूध केंद्रावरची चूक इथे होती, म्हणून हे सविस्तर सांगतो.

महत्त्वाची फाइल जागच्या जागी पुन्हा लिहू नये. त्याच फोल्डरमध्ये, म्हणजे त्याच पार्टिशनवर, तात्पुरत्या नावाची नवी फाइल उघडा. सगळा मजकूर तिच्यात लिहा. 'राइट'ने किती बाइट लिहिले ते प्रत्येक वेळी तपासा. तो मागितल्यापेक्षा कमी लिहून परत येऊ शकतो आणि ती त्रुटी समजली जात नाही. उरलेले लिहायला पुन्हा हाक मारली की तेव्हा २८ येतो. मग 'एफसिंक' करा, म्हणजे मजकूर प्रत्यक्ष डिस्कवर उतरवायला सांगा, आणि त्याचंही उत्तर बघा. मग 'क्लोज', आणि त्याचंही उत्तर बघा, कारण नेटवर्कवरच्या फाइल सिस्टीममध्ये जागा संपल्याचं कधी कधी तिथेच कळतं. हे सगळं बिनतक्रार झालं तरच 'रीनेम'ने नवी फाइल जुन्या नावावर आणा. हा बदल अखंड होतो: वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी फाइल दिसते किंवा पूर्ण नवी. शेवटी फोल्डरलाही 'एफसिंक' करा, म्हणजे वीज गेली तरी नवं नाव टिकतं. मध्ये कुठेही अडलं तर तात्पुरती फाइल काढून टाका आणि 'सेव्ह झालं नाही' हे माणसाला स्पष्ट सांगा.

'एफसिंक' अयशस्वी झाला तर तोच पुन्हा करून 'आता झालं' असं मानू नका. पहिल्या अपयशानंतर कर्नल तो डेटा लिहिला गेल्यासारखा धरू शकतो आणि दुसऱ्या वेळी यश कळवतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या मंडळींना हे लक्षात आलं. त्यांनी वर्तन बदललं: आता एफसिंक चुकला की डेटाबेस मुद्दाम पडतो आणि वॉलमधून पुन्हा उभा राहतो. तुमच्या प्रोग्राममध्येही अशा वेळी मूळ डेटापासून नव्या फाइलवर पुन्हा सुरुवात करणं हाच खात्रीचा मार्ग.

एवढं सगळं स्वतः करायचं नसेल तर एसक्यूलाइट (एका फाइलीत राहणारा छोटा डेटाबेस) वापरा. जागा संपली की ती त्रुटी १३ देते, आणि अर्धवट ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण व्हायचे बदल) मागे घेतलं जाऊन जुना डेटा जसाच्या तसा राहतो. छोट्या दुकानाच्या, संस्थेच्या, दवाखान्याच्या सॉफ्टवेअरसाठी मी आता दुसरं काही वापरत नाही.

पायरी ४: मेमरी

सी शिकताना आपल्याला शिकवतात की मेमरी मागणाऱ्या 'मॅलॉक'ने शून्य दिला तर मेमरी संपली. तपासणी करावीच, पण लिनक्सवर तेवढ्यावर विसंबता येत नाही. कर्नल असेल त्यापेक्षा जास्त मेमरीचं आश्वासन देतो. मेमरीचं पान, म्हणजे छोटा तुकडा, प्रत्यक्ष वापरायला घेतलं की मगच ती लागते. तेव्हा नसेल तर त्रुटी यायची वेळ निघून गेलेली असते. कर्नलचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर एक प्रोसेस निवडतो आणि तिला थेट मारतो. त्या प्रोसेसला आवराआवर करायला एक ओळही चालवता येत नाही.

त्यामुळे 'प्रोग्राम काही न सांगता बंद पडला' अशी तक्रार आली की आधी 'डीमेसेज' बघा. 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' ही ओळ सापडली तर उलगडा झाला. प्रोग्राम कंटेनरमध्ये (स्वतःच्या मर्यादा असलेल्या वेगळ्या कप्प्यात) चालत असेल तर एक्झिट कोड १३७ बघा; १२८ अधिक ९, म्हणजे सक्तीने मारण्याचा सिग्नल क्रमांक ९. इथेही मारली गेलेली प्रोसेस गुन्हेगार असेलच असं नाही. किलर साधारणपणे सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्याला निवडतो, आणि बिचारा डेटाबेस नेहमीच मोठा असतो. प्रत्येक प्रोसेसचा 'ओओएम स्कोअर ॲडजस्ट' उणे १००० ते १००० मध्ये ठरवता येतो. कुणाला शेवटी मारायचं हे त्यातून सांगून ठेवा.

'फ्री' कमांडमध्ये 'फ्री'चा रकाना कमी दिसला म्हणून घाबरू नका. लिनक्स मोकळी मेमरी फाइलींच्या कॅशला वापरतो आणि लागली की सोडतो. 'अव्हेलेबल' हा रकाना बघायचा.

जावामध्ये 'आउट ऑफ मेमरी एरर' आला की पूर्ण ओळ वाचा. 'जावा हीप स्पेस' असेल तर हीपचा, म्हणजे जावाने आपल्या डेटासाठी राखलेल्या मेमरीचा, प्रश्न. 'अनएबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड' असेल तर हीप वाढवून उपयोग नाही, थ्रेडची मर्यादा किंवा हीपच्या बाहेरची मेमरी संपलेली असते, आणि हीप वाढवला तर दुखणं आणखी वाढतं. ही त्रुटी पकडून काम पुढे रेटू नये. कुठला थ्रेड कुठल्या अर्धवट अवस्थेत मेला याचा भरवसा उरत नाही. हीपची प्रत काढून ठेवणारा आणि मग बाहेर पडणारा, असे दोन्ही पर्याय जेव्हीएममध्ये (जावा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) आहेत. ते चालू ठेवा आणि प्रोसेस नव्याने उभी राहू द्या.

मेमरी वाचवण्याचा खरा उपाय मात्र साधा आहे: बाहेरून येणाऱ्या कुठल्याही गोष्टीला मर्यादेशिवाय आत घेऊ नका. अपलोडचा आकार आधी तपासा. पूर्ण फाइल मेमरीत न घेता तुकड्यातुकड्याने वाचा. डेटाबेसकडून एकदम दहा लाख ओळी मागू नका. कॅशला कमाल संख्या द्या. मर्यादा नसलेली कॅश आणि मेमरी लीक यांच्यात सर्व्हरच्या दृष्टीने काही फरक नाही.

पायरी ५: फाइल डिस्क्रिप्टर, कनेक्शन आणि पोर्ट

एका प्रोसेसला किती फाइली आणि सॉकेट उघडता येतील याची नेहमीची सौम्य मर्यादा १०२४ असते. सॉकेटही त्यातच मोजले जातात हे विसरायला होतं. चालू प्रोसेसची खरी मर्यादा 'प्रॉक' फोल्डरमध्ये तिच्या क्रमांकाखाली 'लिमिट्स' या फाइलीत दिसते आणि उघडलेले डिस्क्रिप्टर शेजारच्या 'एफडी' फोल्डरमध्ये. दर तासाला ते मोजा. गर्दीबरोबर चढून गर्दीबरोबर उतरत असतील तर मर्यादा वाढवा. रात्री गर्दी नसतानाही खाली येत नसतील तर ती गळती आहे, आणि मर्यादा वाढवल्याने फक्त पडण्याचा दिवस पुढे जाईल.

गळती बहुतेक वेळा त्रुटीच्या वाटेवर सापडते. सगळं सुरळीत असताना फाइल बंद होते. मधल्याच ओळीवर एक्सेप्शन आलं की बंद करणारी ओळ चालतच नाही. पायथनमध्ये 'विथ', जावामध्ये 'ट्राय विथ रिसोर्सेस', गोमध्ये 'डिफर', सी++मध्ये डिस्ट्रक्टर, हे सगळं त्यासाठीच आहे. जिथे उघडता तिथेच, त्याच श्वासात, बंद करण्याची सोय लिहा.

मर्यादा वाढवायची झाली तर एक खाचखळगा: सिस्टीमडीने (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) चालवलेल्या सेवेला 'लिमिट्स डॉट कॉन्फ'मधला बदल लागू होत नाही, ती फाइल लॉगिन करणाऱ्या युजरसाठी आहे. सेवेच्या युनिट फाइलीत 'लिमिटनोफाइल' लिहावं लागतं.

सर्व्हर लिहिणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. डिस्क्रिप्टर संपले की 'अ‍ॅक्सेप्ट' २४ देतो, पण थांबलेलं कनेक्शन रांगेतून जात नाही. लूप पुन्हा विचारतो, कनेक्शन तयार आहे असं उत्तर येतं, पुन्हा २४. सीपीयू १०० टक्क्यांवर जातो आणि काम शून्य. यावर जुनी युक्ती अशी: सुरुवातीलाच एक डिस्क्रिप्टर उगाच उघडून राखून ठेवायचा. अशी वेळ आली की तो बंद करायचा, आलेलं कनेक्शन घ्यायचं, लगेच बंद करायचं आणि राखीव पुन्हा उघडायचा. पाहुण्याला दारात ताटकळत ठेवण्यापेक्षा 'आज जमणार नाही' एवढं तरी सांगितलं जातं.

डेटाबेस कनेक्शनचा हिशोब कागदावर मांडा. पोस्टग्रेसमध्ये मूळ मर्यादा १०० असते आणि त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव, म्हणजे तुमच्यासाठी ९७. ॲपच्या १२ प्रोसेस आणि प्रत्येकीचा पूल (उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) १० चा असेल तर १२० झाले. एरवी काही होत नाही, कारण सगळे पूल एकाच वेळी भरत नाहीत. ज्या दिवशी गर्दी उसळते त्या दिवशी 'टू मेनी क्लायंट्स' येतं. मायएसक्यूएलमध्ये हा आकडा १५१ आहे.

आणि पूल संपण्याचं कारण बहुधा गर्दी नसून मंदपणा असतो. २० कनेक्शनचा पूल आणि ५० मिलिसेकंदांची क्वेरी असेल तर सेकंदाला ४०० विनंत्या निघतात. तीच क्वेरी एखादा इंडेक्स गेल्यामुळे २ सेकंदांवर गेली तर सेकंदाला १०. वापरणारे तेवढेच, पण पूल संपला. इथे पूल मोठा केला तर आधीच दमलेल्या डेटाबेसवर आणखी ओझं पडतं. पूलमधून कनेक्शन मिळण्याची वाट किती बघायची आणि क्वेरी किती वेळ चालू द्यायची, या दोन्हींना टाइमआउट द्या. ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बाहेरच्या सेवेला एसएमएस पाठवायला जाऊ नका. तेवढा वेळ एक कनेक्शन फुकट अडकतं.

पोर्टचंही गणित असंच. लिनक्सचे तात्पुरते पोर्ट सहसा ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८२३२. बंद केलेलं कनेक्शन ६० सेकंद 'टाइम वेट'मध्ये राहतं. एकाच पत्त्याला दर विनंतीला नवं कनेक्शन जोडलं तर सेकंदाला साधारण ४७० च्या वर जाता येत नाही. उपाय: कनेक्शन जपून पुन्हा वापरा.

मोठ्यांनाही हे चुकत नाही. २५ नोव्हेंबर २०२० रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या किनेसिस या डेटा-प्रवाहाच्या सेवेत नवे सर्व्हर जोडले गेले. तिथला विनंत्या घेणारा प्रत्येक फ्रंट-एंड सर्व्हर ताफ्यातल्या प्रत्येक इतर सर्व्हरसाठी एक थ्रेड ठेवत असे. ताफा वाढला तसे प्रत्येकाचे थ्रेड वाढले आणि सगळ्यांनी एकदमच ऑपरेटिंग सिस्टीमने घातलेली मर्यादा ओलांडली. क्षमता वाढवताना सेवा पडली. म्हणून विचारायचं असं: मी एक मशीन वाढवलं तर बाकीच्या प्रत्येक मशीनवर काय वाढतं?

पायरी ६: कशाला नाही म्हणायचं ते आधी ठरवा

२० जुलै १९६९ ला अपोलो ११ चंद्रावर उतरत असताना संगणकाने १२०२ आणि मग १२०१ असे इशारे दिले. त्या संगणकाची बदलती मेमरी अवघी २०४८ शब्दांची. रेंडेव्हू रडारकडून (दुसऱ्या यानाचा माग घेणाऱ्या रडारकडून) येणाऱ्या फालतू संकेतांमुळे त्याचा वेळ खाल्ला जात होता, जुनी कामं संपत नव्हती आणि नव्या कामांना मेमरीचे कप्पे उरत नव्हते. पण त्यावरच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा वेळी काय करायचं ते लिहिलेलं होतं: रीस्टार्ट व्हायचं, कमी महत्त्वाची कामं सोडायची, यान चालवणारी कामं होती तिथून पुढे न्यायची. यान उतरलं.

मला या गोष्टीतलं भावतं ते हे की कोणतं काम सोडायचं याची यादी तुटवड्याच्या आधी बनलेली होती. आपल्या प्रोग्रामसाठीही ती बनवता येते. दूध केंद्रावर वजन, फॅट आणि पावती ही नोंद काही झालं तरी टिकलीच पाहिजे. अहवाल, आलेख, तपासणीचा लॉग, एसएमएस हे सोडता येतं. ऑनलाइन दुकान असेल तर पैसे भरण्याचा रस्ता शेवटपर्यंत चालू ठेवा, 'तुम्हाला हेही आवडेल'ची पट्टी आधी बंद करा.

कामांच्या प्रत्येक रांगेला कमाल लांबी द्या. रांग भरली की नव्याला लगेच नाही म्हणा. वेब सेवा असेल तर ५०३ द्या, एकाच ग्राहकाने अती केलं असेल तर ४२९, आणि किती वेळाने यायचं ते 'रिट्राय आफ्टर' हेडरमध्ये सांगा. ज्याने वाट बघून ब्राउझर बंदही केला त्याची विनंती पूर्ण करण्यात साधनं घालवू नका.

पुन्हा प्रयत्न करणाऱ्यालाही शिस्त हवी. डिस्क भरली असेल तर दर सेकंदाला प्रयत्न करून ती रिकामी होत नाही. तिथे थांबून माणसाला बोलवा. कनेक्शन मिळालं नसेल तर प्रयत्नाला अर्थ आहे, पण दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करा, त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळा, म्हणजे सगळे क्लायंट एकाच ठोक्याला परत येणार नाहीत, आणि कमाल संख्या ठरवा. प्रयत्न एकाच थराने करावेत. तीन थरांनी प्रत्येकी तीन वेळा प्रयत्न केला तर एका क्लिकच्या २७ विनंत्या होतात, त्याही सगळ्यात खालच्या, आधीच कोलमडलेल्या सेवेवर.

पायरी ७: रीस्टार्टने सुटतं का ते तपासा

'पडला तर उठवा' ही व्यवस्था चांगली, पण तुटवड्याचं कारण डिस्कवर असेल तर प्रोग्राम उठतो, तेच वाचतो, पुन्हा पडतो. मंगळावर हे घडलं आहे. २१ जानेवारी २००४ ला स्पिरिट रोव्हरचा संपर्क बिघडला. फ्लॅश मेमरीत फाइलींची संख्या फार वाढली होती, आणि त्यांची फोल्डर-रचना मुख्य मेमरीत ठेवायला जागा पुरली नाही. रोव्हर रीबूट झाला, सुरू होताना त्याच फाइली वाचायला गेला, पुन्हा रीबूट. झोपायलाही तयार नसल्यामुळे बॅटरी उतरत चालली. शेवटी पृथ्वीवरून त्याला फ्लॅश न वाचता सुरू होण्याची आज्ञा दिली गेली, मग फाइली काढल्या आणि फ्लॅश फॉरमॅट केली. रोव्हर त्यानंतर अनेक वर्षं चालला.

यातून उचलायची गोष्ट म्हणजे ती दुसरी वाट. तुमच्या प्रोग्रामला जुनी रांग, कॅश, तात्पुरत्या फाइली यांतलं काहीही न वाचता सुरू होण्याची एक सोय ठेवा. आणि ठरावीक मिनिटांत ठरावीक वेळा पडला तर आपोआप उठवणं थांबवा. सिस्टीमडीमध्ये ही मर्यादा देता येते.

पायरी ८: तुटवडा मुद्दाम घडवून आणा

त्रुटीची वाट कधी चालवलीच नसेल तर ती चालत नाही असंच धरून चालावं. चालवून बघणं सोपं आहे. लिनक्समध्ये 'डेव्ह' फोल्डरखाली 'फुल' नावाचं एक उपकरण आहे. त्यात काहीही लिहा, दर वेळी २८ येतो. लॉगचा किंवा निर्यातीचा पत्ता तिकडे वळवा आणि प्रोग्राम काय बोलतो ते ऐका. कितीतरी टूल 'झालं' म्हणतात. त्याहून खरी परीक्षा हवी तर १० एमबीची टीएमपीएफएस (मेमरीत राहणारी फाइल सिस्टीम) माउंट करून डेटाचा फोल्डर तिथे ठेवा आणि भरेपर्यंत काम करा. 'यूलिमिट -एन २०' करून सर्व्हर सुरू केला की डिस्क्रिप्टरचा तुटवडा मिनिटात येतो. कंटेनरला ६४ एमबीची मर्यादा देऊन मोठी फाइल अपलोड करा. डेटाबेसचा पूल १ वर आणा. एका विनंतीत दोन कनेक्शन मागणारा कोड तिथल्या तिथे अडकून स्वतःला उघड करतो.

हे करताना तीन गोष्टी बघा: जुना डेटा शाबूत आहे का, वापरणाऱ्याला खरं कळलं का, आणि जागा परत मिळाल्यावर प्रोग्राम आपण होऊन मार्गी लागतो का. तिसऱ्यात सगळ्यात जास्त प्रोग्राम नापास होतात.

देखरेखीबद्दल थोडक्यात. '९० टक्के भरली' या इशाऱ्यापेक्षा 'या वेगाने किती दिवसांत भरेल' हा इशारा उपयोगाचा. ४० जीबी मोकळे आणि दिवसाला अडीच जीबी वाढ म्हणजे १६ दिवस. यात दिवाळीची सुट्टी आली तरी काम करायला वेळ मिळतो. लॉगला फिरवणी लावा. डॉकरच्या नेहमीच्या जेसन लॉगला मूळ सेटिंगमध्ये कमाल आकार नसतो, तो तुम्हीच द्या. आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर असू द्या, घेतल्यावर त्याचा आकार तपासा.

दूध केंद्रावरचं मशीन आजही तेच आहे. सभासद एसक्यूलाइटमध्ये गेले, लॉगला ५० एमबीची मर्यादा बसली, बॅकअप रोज रात्री सचिवांच्या घरच्या संगणकावर जातो आणि किती सभासद पोचले तो आकडा त्यांना दिसतो. डेटाच्या पार्टिशनवर ५०० एमबीपेक्षा कमी जागा उरली की संकलन सुरू करतानाच पडद्यावर लाल पट्टी येते: 'जागा संपत आली आहे. दूध घ्या, पावती मिळेल. अहवाल बंद ठेवले आहेत. फोन करा.' गेल्या पावसाळ्यात एकदा ती पट्टी आली. सचिवांनी दोन्ही वेळचं दूध घेतलं, सगळ्यांना पावत्या दिल्या, आणि मग दुपारी निवांत फोन केला.